दोन विषय

हद्दूने बूट काढला, आतला खडा झटकला, पण तो पुन्हा पायात घालायच्या ऐवजी हातातच धरून म्हणाला, "सप्टेंबरात मी मेकनेसला येणार नाहीये. तुम्ही दोघं माझी वाट बघू नका."

जलील खिंडीच्या माथ्यावर एका चपट्या दगडावर आडवा झाला होता. तो कासाब्लांकाचा, सपाटीवरचा माणूस. दोन दिवसांच्या चालीने त्याची हाडं खिळखिळी झाली होती. डोळे न उघडताच त्याने विचारलं, "का, बाप फ्रान्सला पाठवतोय?"

"नाही. इथंच राहणार. घरी."

"घरी काय करणार?"

"मेंढ्या आहेत. जव आहे. वरच्या पट्टीत सफरचंद लावायचंय."

आता मात्र जलील उठून बसला. "पहिला येणारा मेंढ्या राखणार असेल तर मी काय करायचं? मेंढी व्हायचं?"

इस्लमू शेजारी उकिडवा बसला होता. थोड्या वेळापूर्वीच तो सावलीत उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर हात ठेवून आला होता. मॉरितानियाचं, नुआकशोतचं पोरगं. मेकनेसला येण्याआधी वाळू सोडून त्याने जन्मात काही पाहिलं नव्हतं, आणि जलील दोन दिवस त्याला विचारत होता, की तुमच्याकडचा सगळ्यात उंच डोंगर म्हणजे उंटाचं वशिंडच ना. त्यावर इस्लमूचं उत्तर ठरलेलं होतं: हो, आणि तुमच्याकडचा म्हणजे कचऱ्याचा ढीग. पण आता त्याला थट्टा सुचेना. बोटं अजून गार होती, ती तो उगाच चोळत बसला.

तिघंही मेकनेसच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. निकाल नुकताच लागला होता. हद्दू नेहमीसारखा पहिला आला होता. जलील नेहमीसारखा काठावर तरला होता. इस्लमूचे दोन विषय गेले होते, गणित आणि यंत्रशास्त्र. सप्टेंबरात ते निघाले नाहीत तर शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे चंबूगबाळं आवरून नुआकशोत. आईला त्याने फोनवर अजून सांगितलं नव्हतं. ऑगस्टभर खोलीवर बसून हद्दू त्याला शिकवणार, असं ठरलं होतं. म्हणजे इस्लमू ते धरूनच चालला होता. त्यामुळे हद्दूचं बोलणं ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा मित्राचं काही सुचलं नाही, आपलंच सुचलं. मग मला कोण शिकवणार? लाज वाटली ती त्यानंतर.

"वडलांना सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्हाला कशाला आणलं असतं?"

जलीलने कपाळाला हात लावला. "बघ, मी म्हणत होतो. हा आणि आपणहून डोंगर दाखवणार? आपण पाहुणे नाही इस्लमू, ढाल आहोत ढाल."

हद्दू हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. बूट चढवता चढवता त्याने आपला बेत सांगितला. डोंगरातली रीत अशी, की घरात आलेल्या पाहुण्याने अन्नाला हात न लावता मागणं घातलं, तर यजमानाला नाही म्हणता येत नाही. मागणं काय आहे ते ऐकायच्या आधीच 'दिलं' म्हणावं लागतं. पाहुणा आपल्या दारात उपाशी बसला ही नामुष्की कोणी पत्करत नाही. या रीतीवर खून माफ झालेत, जमिनी परत मिळाल्यात.

"संध्याकाळी पोचलो की आई भाकरी आणेल. इस्लमूने हात मागे घ्यायचा. बाबा विचारतील, काय झालं? याने म्हणायचं, एक मागणं आहे. ते म्हणतील, दिलं. मग सांगायचं, हद्दूला घरी राहू द्या. बस."

"मीच का?"

"तू लांबचा. पाहुणा जितका लांबचा तितकं त्याचं वजन जास्त. जलीलचं काय, कासाब्लांकाचा माणूस दिसला की आमच्याकडे पहिला प्रश्न, काय विकायला आलास?"

"मी निघालो परत," जलील म्हणाला, आणि पुन्हा दगडावर आडवा झाला.

इस्लमूने खाली दरीकडे पाहिलं. जवाच्या पिवळ्या पट्ट्या, अक्रोडांची गर्द हिरवी रांग, आणि त्यांच्यावर डोंगराला चिकटलेली मातीची घरं. हेच ते तिझगी, हद्दूचं गाव. पहिल्या वर्षी इस्लमू मेकनेसला उतरला तेव्हा त्याची अरबी ऐकून सगळा वर्ग हसायचा. एक हद्दूच काय तो हसला नव्हता, कारण तो स्वतः अरबी भाषा शाळेतच शिकला होता. घरी त्यांची डोंगराची भाषा. दोघंही तिथं परकेच. त्या पोराने तीन वर्षं आपल्या ताटातलं काढून याच्या पुढे सारलं होतं, अन्नही आणि गणितही. आणि आता इस्लमूने स्वतःला जगात जे नको तेच त्याच्यासाठी मागायचं होतं.

"तुला खरंच राहायचंय?" त्याने विचारलं.

"मला तिकडे झोप लागत नाही रे," हद्दू म्हणाला. "तीन वर्षं झाली. आधी म्हटलं सवय होईल. सप्टेंबरात गेलो की जून कधी येतो याकडे डोळे. असा किती जन्म काढू?"

"बरं," इस्लमू म्हणाला. "मागतो."

उतारावर हद्दूने त्याच्याकडून सगळं तीनतीनदा घोकून घेतलं. हात मागे, नजर खाली, आवाज स्वच्छ. भाकरीला शिवायचं नाही, लोण्याकडे बघायचंही नाही. चहासुद्धा नाही. इस्लमू मान डोलवत होता आणि त्याच्या पोटात कावळे ओरडत होते.

घराच्या दारात हद्दूची आई उभी होती. इत्तोमावशी, हनुवटीवर गोंदण, झग्याचा सोगा कमरेला खोचलेला. तिने लेकाला जवळ घेतलं, जलीलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग इस्लमूपुढे दुधाचा वाडगा धरला.

आता इस्लमू जिथं वाढला तिथं दारात पुढे केलेलं दूध म्हणजे काय, हे हद्दूला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिथं तान्ह्या पोरालाही कळतं, की दुधाला नाही म्हणायचं नाही, फुंकायचं नाही, अर्धं ठेवायचं नाही. नाही म्हणणारा माणूस एकतर वैरी असतो नाहीतर वेडा. भाकरीचा बंदोबस्त झाला होता, लोण्याचा झाला होता, चहाचाही झाला होता. दुधाचं कोणी बोललंच नव्हतं. इस्लमूने दोन्ही हातांनी वाडगा घेतला, बिस्मिल्लाह म्हटलं आणि एका दमात तळ दाखवला.

वाडगा खाली आला तेव्हा त्याला हद्दूचं तोंड दिसलं. पोराने डोळे मिटून घेतले होते.

"घ्या, घरचेच झालात," दारामागून हद्दूचे वडील म्हणाले. इद्दरकाका उंच, सडपातळ. एका गुडघ्यात किंचित वाकून चालणारे. त्यांची अरबी बाजारात शिकलेली होती. त्यात भाव आणि शिव्या भरपूर, बाकी सगळं ओढूनताणून. "आता तीन दिवस हे घर तुमचं. कोण, कुठले, कशाला, आम्ही काही विचारायचं नाही. खा आणि झोपा."

हातपाय धुताना जलील इस्लमूच्या कानाशी लागला. "दोन विषय गेले ते उगाच नाही. एवढं घोकून घेतलं तरी पहिल्याच प्रश्नाला गचकलास."

इस्लमूला रडायला यायचं बाकी होतं. त्याहून वाईट म्हणजे आत कुठंतरी त्याला सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि ते त्याचं त्याला कळलं होतं. दूध प्यालेल्या पाहुण्याचं मागणं म्हणजे नुसती विनवणी. तिला यजमान खुशाल नाही म्हणू शकतो. बेत तिथंच मोडला.

पुढचे दिवस मळणीचे होते. सगळं गाव खळ्यांवर होतं. खळ्याच्या मधल्या खांबाला, तिवड्याला, जोडलेली खेचरं गोल गोल फिरत होती, त्यांच्यामागे कोणीतरी हाकारत होतं, आणि वारा सुटला की भुसा उडवायची उफणणी. हद्दू पहाटे उठून जायचा तो अनवाणी. मेकनेसच्या खोलीत जे पोरगं सकाळी चार हाका मारल्याशिवाय तोंड उघडत नसे, ते इथं खेचरांशी गप्पा मारत होतं, शेजारच्या म्हातारीची थट्टा करत होतं, पाठीवर भारे वाहत गाणं म्हणत होतं. भुश्याने त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. इस्लमू बांधावर बसून हे बघायचा. तीन वर्षं एका खोलीत राहून आपण याला ओळखलंच नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि ते कबूल करणं जड गेलं.

इद्दरकाकाही बघत होते. दाताळ्याचं टेकण घेऊन उभे राहायचे, लेकाकडे बघायचे आणि मग दुसरीकडे वळायचे. येणारा जाणारा "काय इंजिनिअर, आलात का?" म्हणून हाक मारायचा तेव्हा काकांची छाती पुढे यायची. हद्दू अकरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला खेचरावर बसवून खाली बाजारगावच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं, तेव्हा सगळं तिझगी हसलं होतं. एकुलता एक पोरगा शाळेत घातलास, मग मेंढ्यांमागे कोण जाणार, तुझी म्हातारी? मेंढ्यांमागे काका स्वतः गेले. तो गुडघा तिथंच गेला. हे सगळं इत्तोमावशीने भाकरी थापता थापता मोडक्या अरबीत सांगितलं, जलीलने विचारलं म्हणून.

"हा म्हातारा काही ऐकायचा नाही," तो नंतर म्हणाला. "मीही ऐकलं नसतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी इस्लमूने रीतीप्रमाणे निरोप मागितला. "काका, उद्या निघतो."

"निघतोस? बरं." काकांनी फावडं खांद्यावर टाकलं. "मग चल माझ्याबरोबर. आज पाण्याची पाळी आमची आहे."

काका त्याला वरच्या पट्टीत घेऊन गेले. पाटाचं तोंड फोडून त्यांनी पाणी वाफ्यात घेतलं, ते मातीत शिरताना पाहिलं, आणि मग फावड्यावर दोन्ही हात ठेवून वळले.

"निरोप मागितलास, म्हणजे आता मला विचारता येतं. विचारू?"

"विचारा ना."

"माझ्या घरचं मीठ खाल्लंयस. खरं सांग. माझा पोरगा नापास झालाय का?"

इस्लमू वाफ्यातल्या पाण्याकडे बघायला लागला.

"दरवर्षी येतो तेव्हा पुस्तकांनी पिशवी फाटायला येते," काका म्हणाले. "या वेळी त्याच्या आईने धुवायला कपडे काढले. एक पुस्तक नाही, एक वही नाही. मला काही बोलत नाही. नजर देत नाही. खळ्यावर मात्र असा राबतोय की जणू कुणाचं देणं फेडतोय. मी अडाणी आहे, आंधळा नाही."

खरं सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नापास कुठला काका, पहिला आलाय. मग काकांनी लेकाला कानाला धरून मेकनेसला धाडलं असतं, आणि ऑगस्टात इस्लमूच्या समोर वही उघडून हद्दू बसला असता. दुधाने बेत घालवला तो इस्लमूच्या पथ्यावर पडला होताच. आता सत्यही पडत होतं. एवढा फायदा त्याला सोसला नाही. खळ्यावरचं ते पिवळ्या भुवयांचं तोंड डोळ्यांपुढे आलं. त्याला वाटलं, नापास झालेल्या पोराला बाप परत कशाला पाठवेल? नशिबात नव्हतं म्हणेल आणि ठेवून घेईल.

"हो काका," तो म्हणाला. "नापास झालाय."

"किती विषयांत?"

"दोन."

"कोणत्या?"

"गणित. आणि यंत्रशास्त्र." यात अडखळावं लागलं नाही. निकालाच्या दिवसापासून हे दोन शब्द त्याच्या छातीवर बसलेले होते.

"यंत्रशास्त्र म्हणजे?"

"कुठलं वजन कुठं पडतं, ते कसं तोलायचं, त्याचं शास्त्र."

"ते तर खेचर लादताना मी करतो," काका म्हणाले. "त्यात नापास झाला?"  पाणी वाफा भरून बांधावरून वाहायला लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. इस्लमूने खाली वाकून हातानेच माती ओढली आणि वाफ्याचं तोंड बुजवलं.

जेवताना काकांनी ताजिनच्या मातीच्या भांड्यातला मांसाचा चांगला तुकडा बोटांनी सोडवला आणि काही न बोलता हद्दूच्या पुढ्यात सारला. हद्दू चपापला. जेवण झाल्यावर तिघं गच्चीवर गेले, तेव्हा इस्लमूने सगळं सांगून टाकलं.

"नापास?" हद्दू म्हणाला. "मी?"

"दुसरं काही सुचलं नाही."

"गणितात?"

"आणि यंत्रशास्त्रात," जलील म्हणाला. "स्वतःचा निकाल याने तुझ्या नावावर केला. वर म्हणे मित्र."

हद्दूने गच्चीच्या कठड्यावर हात घासले. समोरच्या डोंगरावर अजून थोडं ऊन उरलं होतं. इस्लमूला वाटलं, हा आता आपल्याला खाली ढकलणार.

"गाव मला जन्मभर नापास म्हणेल," हद्दू म्हणाला. "म्हणू दे. ठेवून घेतील ना पण? तू म्हणतोस तेच. आता परत कशाला पाठवतील?" आणि त्याने इस्लमूच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याला ठसका लागला. बिचारा इतका आनंदला होता की पुढचं कोणी बोललं नाही.

सकाळी अंगणात खेचर लादलेलं होतं. जलीलची पिशवी होती, इस्लमूची होती, आणि तिसरी हद्दूची होती. शिवाय एक जाडजूड पोतडी. इत्तोमावशी तिचं तोंड शिवत होती आणि डोळे पुसत होती.

"हे काय?" हद्दूने विचारलं.

काका मुद्दाम अरबीत बोलले, पाहुण्यांनाही कळावं म्हणून. "मागच्या साली गारपिटीने सगळा फुलोरा झडला. एक फळ हाताला लागलं नाही. मी झाडं उपटली का? दोन विषय गेले तर पुन्हा बसायचं. नापास झालास याचं मला काही नाही. पण नापास होऊन माझ्या खळ्यावर लपायला आलास, ते चालणार नाही. जा. बसून लिही. पास झालास की ये."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच.  हद्दूने एकदा इस्लमूकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि खेचराचा दोर हातात घेतला. बापापुढे त्याची जीभ कधी चाललीच नव्हती. चालली असती तर इतक्या लांबून दोन पाहुणे कशाला आणावे लागले असते?

गावाच्या हद्दीवर ओढा आहे. यजमान पाहुण्याला तिथवर पोचवतो आणि तिथून माघारी फिरतो. ओढ्यापर्यंतच्या वाटेवर इस्लमू सगळ्यांत मागे चालत होता, आणि त्याला आनंद होत होता. लपवून काय उपयोग, होत होता. खोली तीच राहणार, हद्दू तोच, समोर वही, सप्टेंबरात परीक्षा, आणि आईला सांगायची वेळच येणार नाही. आपण तर मित्राचं भलं करायला गेलो होतो. उलटं झालं त्याला आपण काय करणार? हे त्याने मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. पुढे हद्दू चालला होता. खळी लागली तसा तो वाटेच्या पलीकडच्या कडेने चालायला लागला, मान वळू नये म्हणून. गेले तीन दिवस अनवाणी फिरणाऱ्या पायांत आज बूट होते.

ओढ्यावर काकांनी खेचर थांबवलं आणि दोर सोडायला घेतले. खेचराला माघारी न्यायचं होतं, मळणी अर्धी राहिली होती. पुढे सगळं ज्याच्या त्याच्या पाठीवर.

"काका," इस्लमू म्हणाला, "मी काल खोटं बोललो."

काकांचा हात दोरावर थांबला.

"हद्दू नापास झालेला नाही. पहिला आलाय."

"कशात?"

"सगळ्यात. अख्ख्या कॉलेजात. दरवर्षीच येतो."

काकांनी लेकाकडे पाहिलं. "खरं?"

हद्दूने मान हलवली.

"दरवर्षी?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग आता सोडायचंच नाही."

"म्हणालो असतो," काका म्हणाले. ते ओढ्याकाठच्या धोंड्यावर बसले. गुडघा दाबत राहिले. जलील तोंड उघडणार होता, पण इस्लमूने त्याचा हात दाबला. काकांनी मग घरच्या भाषेत लेकाला काहीतरी विचारलं. हद्दूने खाली बघत उत्तर दिलं, आणि बोलता बोलता मान वर करून खळ्याकडे हात केला. आता तो थांबला नाही. बापाशी तो एवढा सलग कधी बोलला असेल असं वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने काका उठले.

"नापास झालेला माणूस घरी येतो तो लपायला," ते इस्लमूला म्हणाले. "लपायला मी जागा देत नाही, माझा पोरगा असला तरी. पण पहिला आलेला लपायला कशाला येईल?" त्यांनी खेचरावरची हद्दूची पिशवी ओढून काढली आणि त्याच्या छातीवर आपटल्यासारखी दिली. "धर. वारा सुटायच्या आत खळं गाठायचंय."

हद्दू पिशवी धरून तसाच उभा राहिला. मग त्याने बापाच्या हाताचं चुंबन घेतलं. काकांनी हात झटकन काढून घेतला, कारण त्यांचेही डोळे भरून आले होते.

जलीलने आपली पिशवी पाठीला लावली. इस्लमूने आपली उचलली. पोतडी तेवढी खाली गवतावर राहिली. काका तिच्याकडे बघत होते.

"मला एक सांग," ते म्हणाले. "माणूस खोटं बोलतो तेव्हा चाचरतो. तू काल विषयांची नावं अशी घेतलीस की माझ्या मनात किंतुच आला नाही. ते दोन विषय कुणाचे?"

इस्लमूला वाटलं होतं, आता संपलं. त्याचे कान तापले.

"माझे," तो म्हणाला.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"आई आहे?"

"आहे."

काकांनी मान हलवली. मग वाकून पोतडी उचलली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवली, पट्टा छातीवरून घेऊन डाव्या बगलेत आवळला.

"काका, हे हद्दूचं आहे."

"हे नापास झालेल्या पोरासाठी बांधलंय," काका म्हणाले. "जवाचं पीठ आहे, लोण्याचा डबा आहे, अक्रोड आहेत. वर माझा लोकरीचा झगा आहे. पहाटे अभ्यासाला बसताना गार लागतं म्हणून त्याच्या आईने घातलाय. त्याच्या आईने म्हणजे, आता तुझ्या मावशीने."

हद्दूने इस्लमूला मिठी मारली, पोतडीसकट. काही बोलायचा प्रयत्न त्याने केला, पण जमलं नाही. "फोन कर," एवढंच म्हणाला, आणि इथं फोन लागत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

ओढा ओलांडून चढ लागला. वळणावर जलीलने मागे पाहिलं. बाप आणि लेक खळ्याकडे निघाले होते. मध्ये खेचर, आणि खेचराच्या अलीकडून पलीकडून दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. पहिल्या खळ्यापाशी काका थांबले, तिथल्या माणसांना काहीतरी सांगितलं, आणि ती सगळी माणसं हातातलं टाकून हद्दूभोवती जमा झाली. दुसऱ्या खळ्यापाशीही तसंच झालं.

"काय सांगत सुटलाय म्हातारा?" जलील म्हणाला.

"पहिला आला म्हणून सांगतायत."

"आणि सोडून आला ते?"

"ते सांगतील सावकाश."

दोघं बराच चढ चढले. इस्लमू दर थोड्या वेळाने थांबत होता, पट्टा सारखा करत होता आणि पुन्हा चालत होता. पोतडी भलतीच जड होती. ऑगस्ट कसा काढायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. खिंडीपलीकडच्या व्हॅनच्या थांब्यावरून फोन लागला की आधी आईला काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

त्याचा श्वास ऐकून जलील थांबला आणि त्याने हात पुढे केला.

"दे इकडे. थोडा वेळ मी घेतो."

"नको," इस्लमू म्हणाला. "तू पास झालायस."